सोळावं नाव

“जिच्या हातून चूक झाली, तिला मी पुढच्या सामन्यात त्याच जागी पहिली उतरवते.”

वहिनी हे एकदाच बोलल्या, आणि तेही तेरा वर्षांपूर्वी, क्लबच्या कमिटीने सोळा वर्षांखालच्या मुलींचा हॉकी संघ त्यांच्या हाती दिला त्या दिवशी. संघ कसा निवडणार, असं अध्यक्षांनी विचारलं होतं. अध्यक्षांचं टायरचं दुकान होतं आणि कमिटी दुकानाच्या माळ्यावर, नव्या रबराच्या वासात बसायची. वाक्य ऐकून अध्यक्ष हसले, म्हणून बाकीचेही हसले. नवी आहे, दोन सामने हरली की येईल ताळ्यावर, असं सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. वहिनी दोन सामने हरल्या. तिसराही हरल्या. ताळ्यावर काही आल्या नाहीत.

नात्याने त्या एकाच माणसाच्या वहिनी: क्लबच्या सेक्रेटरीच्या. त्याच्या थोरल्या भावाची बायको. पण मैदानावर त्याची हाक ऐकून ऐकून मुलीही वहिनी म्हणू लागल्या, मग मुलींचे बाप म्हणू लागले, आणि आता तर समोरच्या संघाचा साठी उलटलेला कोचसुद्धा हात जोडून विचारायचा, काय वहिनी, आज आमचं काय करणार? त्यावर वहिनी म्हणायच्या, तुमचं तुम्ही बघा, मला माझ्या सोळा जणींचं पुरून उरतं.

दिवसा त्या चष्म्याच्या दुकानात काम करत. पुढच्या चकचकीत भागात नव्हे, मागच्या खोलीत, जिथे काचा घासल्या जातात. काच फ्रेमपेक्षा केसभर मोठी ठेवायची, बसवून बघायची, काढायची, परत घासायची. घाईत एकदा जास्त घासली गेली की ती काच कोणाच्याच डोळ्यांची राहत नाही. वीस वर्षं हे केल्यामुळे असेल, वहिनींना कुठल्याच गोष्टीची घाई नसे. तरुणपणी त्या गोलकीपर होत्या. डावा गुडघा तेव्हापासून बसताना कुरकुरायचा, पण त्या दिवसांबद्दल विचारलं तर त्या विषय बदलत, नाहीतर एखादीच्या नडगीवर बांधायच्या शिनपॅडचा पट्टा तुटलाय का ते बघत.

संघाची यादी त्या फ्रेमांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहीत आणि कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला लावत. अक्षर ठसठशीत, काचेच्या पाकिटावर नंबर लिहितात तसं. या यादीत नावापुढे मुलीची जागा नसे, त्या महिन्याचं तिचं काम असे. एकीपुढे ‘डावा पाय’. एकीपुढे ‘उलट्या काठीने अडवणं’. मधल्या फळीतल्या एका अबोल मुलीपुढे सलग चार महिने फक्त ‘बोलणं’ एवढंच लिहिलेलं होतं. पाचव्या महिन्यात ती मैदानावर अशी ओरडायला लागली की पंचांनी तिला ताकीद दिली, आणि वहिनींनी त्या शब्दावर समाधानाने काट मारली. सेक्रेटरीला हा पुठ्ठा पहिली काही वर्षं गमतीचा वाटायचा. मग त्या संघातल्या तीन मुली मोठ्यांच्या संघात गेल्या, चौथी गेली, आणि गंमत वाटायची थांबली.

सेक्रेटरीचं काम पुठ्ठा लागल्यानंतरचं. तो पोटापाण्यासाठी छापखान्यात प्रुफं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका शोधून समासात लाल खुणा करण्यात त्याची नजर आणि निम्मं आयुष्य गेलं होतं. सामन्याच्या तासभर आधी तो दारासमोर खुर्ची ओढून बसायचा, पुठ्ठ्यावरची सोळा नावं स्पर्धेच्या छापील फॉर्मवर उतरवायचा, नावापुढे शर्टाचा नंबर लिहायचा, सही करायचा आणि कागद पंचांच्या टेबलावर नेऊन द्यायचा. एकदा कागद टेबलावर गेला की त्यात बदल नाही. ज्या मुलीचं नाव त्यात नाही, तिला त्या दिवशी मैदानात पाऊल टाकता येत नाही. इतका तो कागद महत्त्वाचा, आणि वहिनींनी तेरा वर्षांत तो एकदाही वाचून बघितला नव्हता.

यंदा संघ वरच्या गटात होता, पण अगदी काठावर. वरच्या गटातल्या संघांना आठवड्यातून तीन संध्याकाळी निळ्या टर्फवर सराव मिळतो. खालच्या गटाला शाळेमागचं खडीचं मैदान, जिथे बॉल कुठे उसळेल ते बॉललाही माहीत नसतं. शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली तरी गट टिकणार होता. आणि तो सामना त्याच्या आधीच्या सामन्यात, सगळ्यांच्या देखत, शिडीने अवघड करून ठेवला होता.

शिडी म्हणजे बचावाच्या मधोमध उभी राहणारी पंधरा वर्षांची मुलगी. उंच, हडकुळी, आपल्या उंचीची माफी मागत असल्यासारखी थोडी वाकून चालणारी. पुठ्ठ्यावर तिच्यापुढे तीन महिने एकच काम होतं: ‘मान वर’. म्हणजे बॉल आला की डोळे मिटून लांब फटकावायचा नाही. मान वर करायची, आपली मुलगी कुठे आहे ते बघायचं, तिच्याकडे पास द्यायचा. त्या सामन्यात सामना संपायला चार मिनिटं असताना तिने मान वर केली, बघितलं, पास दिला, आणि तो पास सरळ समोरच्या संघाच्या मुलीच्या काठीवर जाऊन बसला. गोल झाला. सामना गेला. शिडी जागच्या जागी उभी राहिली, इतकी सरळ, की तिची खरी उंची त्या दिवशी सगळ्यांना कळली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी सेक्रेटरीला दुकानात बोलावलं. गिऱ्हाइकाच्या चाकात हवा भरता भरता ते बोलत होते, त्यामुळे अर्धं बोलणं फुसफुशीत आणि अर्धं ठणठणीत येत होतं. सारांश असा, की संघ खाली गेला तर कमिटी नवा कोच आणणार. माणूस बघून ठेवलाय. तुझी वहिनी आहे म्हणून तेरा वर्षं कोणी बोललं नाही. आता बाप लोक ऐकायला तयार नाहीत.

“बॉल मागे आला की द्यावा लांब फटका, संपला विषय,” अध्यक्ष म्हणाले. “तोफ बसलीय ना यादीबाहेर. ती खेळव म्हणावं शिडीच्या जागी.”

तोफ ही सरावाला येणाऱ्या विसांतली, पण सोळांच्या यादीबाहेर राहिलेली मुलगी. दणकट. तिचा फटका मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा.

“वहिनी नाही ऐकायच्या,” सेक्रेटरी म्हणाला.

“फॉर्म कोण भरतं?”

अध्यक्षांनी चाकाला एक थाप मारली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, जा, आता हवा भरायला लागणार नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळी पुठ्ठा दाराला लागला होता. सगळ्यात वर शिडीचं नाव, पुढे तेच: ‘मान वर’. सेक्रेटरी खुर्ची ओढून बसला. गोलकीपरपासून सुरुवात करून तो एकेक नाव उतरवत गेला आणि शिडीचं नाव मागे टाकत गेला. पंधरा नावं झाली. सोळावी ओळ रिकामी होती. आत मुली शिनपॅड बांधत होत्या, पट्ट्यांचा चर्रचर्र आवाज येत होता, कोणीतरी कोणाचा तरी मोजा पळवला होता. त्याला त्या क्षणी शिडी आठवली नाही, तोफही आठवली नाही. त्याला वहिनी आठवल्या: संध्याकाळचं मैदान नसलेल्या, मागच्या खोलीतून थेट घरी येणाऱ्या, पर्स खुंटीला अडकवून आता काय करू असं घराकडे बघणाऱ्या. त्याने तोफेचं नाव लिहिलं. उभ्या आयुष्यात चुकीचा शब्द दिसला की त्याचा हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. त्या दिवशी तोच हात खिशात घालून तो टेबलाकडे चालत गेला.

टेबलावरच्या माणसाने शर्टाचे नंबर तपासले तेव्हा उघड झालं. सात नंबर यादीत नाही, तो म्हणाला. शिडी रांगेत पहिलीच उभी होती, तोंडात दात वाचवायची रबरी पट्टी घालून. वहिनींनी कागद हातात घेतला. तेरा वर्षांत पहिल्यांदा. वाचला, खालची सही बघितली, मग सेक्रेटरीकडे बघितलं. चष्म्याच्या दुकानात नवी काच उजेडाकडे धरून बघतात तसं, न रागावता, कुठे तडा आहे ते शोधत. मग कागद परत दिला आणि शिडीला म्हणाल्या, “वर जाऊन बस. नीट बघ.”

सामना एक-एक असा सुटला. तोफेने बॉल मिळेल तसा लांब फेकला आणि फेकलेला प्रत्येक बॉल समोरच्यांनी उचलून परत आणला. साठ मिनिटं आपल्या डी-भोवती, गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, नुसती झुंबड होती. गोलकीपरने सहा वेळा वाचवलं, सातव्यांदा वाचलं नाही. आपला गोल पेनल्टी कॉर्नरवर, कोणाच्या तरी पायाला लागून कसाबसा. पण शेवटची शिट्टी झाली तेव्हा बरोबरी होती, गट टिकला होता, बाप लोक एकमेकांच्या पाठी बडवत होते. अध्यक्षांनी सेक्रेटरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि जोरात दाबला. सेक्रेटरीने वर बघितलं. सिमेंटच्या पायऱ्यांवर शिडी अजून बसलेली होती, शिनपॅड बांधलेले, दातांची पट्टी तोंडातच. तिने साठ मिनिटांत ती काढली नव्हती.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. घरी जेवताना त्यांनी सेक्रेटरीला नेहमीसारखं वाढलं, छापखान्यात काय चाललंय ते विचारलं. वहिनी आत गेल्यावर दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, हळूच त्याच्याकडे झुकला. दादा क्रेन चालवायचा. हॉकीत बॉल असतो इतकंच त्याला माहीत होतं.

“ती बोलत नाही म्हणजे सुटलास असं समजू नकोस,” दादा म्हणाला. “एकदा माझ्यावर आठ दिवस चिडली होती. मला नवव्या दिवशी कळलं.”

“मग तू काय केलंस?”

“विचारलं, मी काय केलं. त्यावर अजून आठ दिवस.”

सरावाला शिडी आली नाही. एकदा नाही, दोनदा नाही, आठवडाभर नाही. तोफही आल्यासारखी आली नाही. तिच्यापुढे नव्या पुठ्ठ्यावर ‘थांबवणं’ असं काम होतं, बॉल काठीवर मेलेल्यासारखा थांबवायचं, आणि ती आता प्रत्येक बॉल थांबवायच्या ऐवजी रागाने फटकावत होती. मला फटक्यासाठीच घेतलं होतं ना, असं तिने कोणाला तरी सांगितलं. ते फिरत फिरत सेक्रेटरीच्या कानावर आलं. गट टिकला होता, निळं टर्फ मिळालं होतं, आणि त्या टर्फवर दोन मुली कमी झाल्या होत्या.

शेवटी तो चष्म्याच्या दुकानात गेला. चष्म्याची दांडी सैल झालीय, असं निमित्त घेऊन. मागच्या खोलीत घासायच्या यंत्रावर पाणी ठिबकत होतं, वहिनींच्या बोटांच्या टोकांना पांढरी भुकटी लागलेली. त्यांनी त्याचा चष्मा हातात घेतला, उघडला, मिटला.

“दांडी सैल नाहीये, भावोजी. तुम्ही खाली मान घालून फिरताय म्हणून घसरतोय.”

तो स्टुलावर बसला आणि सगळं बोलून गेला. टायरचं दुकान, बघून ठेवलेला माणूस, सोळावी ओळ. तुमच्यासाठी केलं, तो म्हणाला. तुम्हाला काढलं असतं.

“काढलं असतं,” वहिनी म्हणाल्या. “मी इथे काचा घासत बसले असते. त्यात काय? पण मी त्या संघात खेळत नाही, भावोजी. खेळते ती.”

“शिडीला काय सांगितलंत तुम्ही?”

“काय सांगणार? यादी माझी असते, म्हटलं.”

“पण ती तुम्ही—”

“यादी माझीच असते.” त्यांनी चष्मा फडक्याने पुसला आणि त्याच्या हातात दिला. “सांभाळून जा. बाहेर ओलं आहे, आत्ताच फरशी पुसलीय.”

तो दुकानाबाहेर उभा राहिला. आता त्याच्या लक्षात आलं की आठवडाभर मुली, बाप, शिडी, सगळ्यांनी ती चूक वहिनींच्या नावावर लावली होती आणि वहिनींनी ती लावू दिली होती. प्रुफं तपासणाऱ्याला एवढं तरी कळायला हवं होतं, की पानाखाली ज्याचं नाव असतं त्याच्याच गळ्यात चूक पडते. मग ती कोणीही केलेली असो.

शिडीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. दार तिच्या आईने उघडलं, त्याला ओळखलं, आणि आत या असं म्हणताना तिचा आवाज थोडा कोरडा झाला. शिडी खिडकीपाशी अभ्यासाला बसली होती. हॉकीची काठी कपाटावर टाकलेली, दोन्ही टोकं बाहेर आलेली. सेक्रेटरी उभ्यानेच बोलला. वहिनींच्या यादीत तुझं नाव सगळ्यात वर होतं. मी उतरवलं नाही.

शिडीने मान वर केली. सवयीने.

“लिहायचं राहून गेलं?”

“नाही.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“मग ती चूक नाही,” ती म्हणाली.

“मग काय आहे?”

“ते वहिनींना विचारा. मला काय विचारता?”

पण दुसऱ्या दिवशी सरावाला ती आली. सेक्रेटरीने आतल्या खोलीत तिच्यासकट सगळ्या मुलींसमोर उभं राहून तेच परत सांगितलं. वीस मुली मोजे अर्धवट ओढून ऐकत होत्या. तोफेने विचारलं, मग मला घेतलं ते फटक्यासाठीच ना? हो, तो म्हणाला, आणि ते बरोबर नव्हतं. तोफ म्हणाली, नव्हतंच. मी फटक्याऐवजी पास दिला असता. मागून कोणीतरी म्हणालं, दिला असतास, पण कोणाला? सगळ्या हसल्या, तोफही हसली, शिडी सगळ्यात शेवटी. वहिनी दाराशी उभ्या राहून काठ्यांच्या मुठींना पट्टी गुंडाळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. संध्याकाळी सेक्रेटरी टायरच्या दुकानात गेला आणि अध्यक्षांना म्हणाला, नवा कोच आणायचा तर आणा, पण नवा सेक्रेटरीही लागेल. अध्यक्षांनी हवा भरायचं यंत्र बंद केलं आणि पहिल्यांदाच ते पूर्ण वाक्य ठणठणीत बोलले: “आणलाय का मी कोणाला? उगाच नाटकं करू नकोस.”

दोन आठवड्यांनी करंडकाचा पहिला सामना होता. त्याआधी सेक्रेटरीने आपलं एक ठरवून टाकलं होतं. चूक सुधारता येते. मुद्दाम केलेल्या गोष्टीचं काय, हे शिडीने विचारायला सांगितलं होतं आणि वहिनींना विचारायची त्याची हिंमत झाली नव्हती. म्हणून त्याने मधला मार्ग काढला. गोलकीपरच्या वडिलांशी बोलला. ते बँकेत होते, अक्षर चांगलं, कागदपत्रांची सवय. ते हो म्हणाले. यापुढे फॉर्म ते भरतील, आपण बॉलची पिशवी उचलू, पाण्याच्या बाटल्या भरू. त्याला हे नीट वाटलं. थोडं हलकंही वाटलं.

तो कपडे बदलायच्या खोलीपाशी आला तेव्हा वहिनी नुकताच पुठ्ठा लावत होत्या. सगळ्यात वर शिडी. त्यापुढे ‘मान वर’, चौथ्या महिन्याचं. तोफेला मधल्या फळीत घेणार असल्याचं मुलींनी आधीच फोडलं होतं, तिच्यापुढे ‘थांबवणं’. दारासमोर खुर्ची ओढून ठेवलेली होती आणि खुर्चीवर कोरा फॉर्म, त्यावर पेन.

सेक्रेटरीने एका दमात सांगून टाकलं. गोलकीपरचे वडील तयार आहेत, बाहेरच उभे आहेत, त्यांना बोलावतो. हे काम आता मी करू नये. कोणी माझ्यावर ते सोपवूही नये.

वहिनींनी ऐकून घेतलं. मग पुठ्ठ्याच्या तळाशी बोट टेकवलं. त्याने चष्मा वर सारून वाचलं. सोळा नावं संपल्यावर, ओळ सोडून, त्याच ठसठशीत अक्षरात सतरावी ओळ होती: ‘भावोजी’. आणि पुढे त्या महिन्याचं काम: ‘यादी’.

“वहिनी,” तो म्हणाला, “ती चूक नव्हती. मी मुद्दाम केलं होतं.”

त्यांनी खुर्चीवरचा फॉर्म उचलला, त्याच्या हातात दिला, पेन वर ठेवलं. आतून शिनपॅडच्या पट्ट्यांचा चर्रचर्र आवाज येत होता. शिडी दारात आली, तिघांकडे बघितलं, म्हणजे दोघांकडे आणि कागदाकडे, आणि परत आत गेली. सेक्रेटरी खुर्चीवर बसला. पहिल्या ओळीवर पेन टेकवून त्याने वर बघितलं, काही विचारायला, की निदान लिहून झाल्यावर एकदा वाचून घ्या, असं म्हणायला.

वहिनींनी पिशवी खांद्याला अडकवली, डाव्या गुडघ्यावर जरा भार देऊन बघितला, आणि कागदाकडे मागे वळूनही न बघता मैदानाकडे निघून गेल्या.